काळखडीच्या कड्याखालची वाट

"पायवाट आखायला असं काय लागतं हो मॅडम? एक रंगाचा डबा आणि एक ब्रश!"

हे वाक्य मी पंचवीसेक वर्षांत इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की पुढच्या माणसाने तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू यायचं. बोलणारा बहुतेक वेळा नुकताच गाडीतून उतरलेला असायचा, पायात कोरे पांढरे बूट, हातात पाण्याची बाटली. पूर्वी मी हसून सोडून द्यायची. आता हसू येत नाही. संपादकांनी "कामातले गमतीदार अनुभव लिहा" असं कळवलं होतं. गमतीदार अनुभव माझ्याकडे आहेत. पण लिहायला बसले की राग येतो. म्हणून रागच लिहिते. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडणाऱ्यांना हे गोड लागणार नाही.

धुळे म्हटलं की लोकांना आग्रा रोड आठवतो, ट्रक आठवतात, ढाब्यावरचं जेवण आठवतं. आमच्या गावातून पांझरा वाहते, गावाबाहेर तलाव आहेत, हिवाळ्यात त्या तलावांवर चक्रवाकांच्या जोड्या उतरतात, डोंगराच्या अंगाला अंजनाची राखीव जंगलं आहेत, हे धुळ्यातल्याच निम्म्या लोकांना सांगावं लागतं. ते सांगणं हाच माझा धंदा होता. मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली आणि शाळांची निसर्ग शिबिरं घेणाऱ्या एका संस्थेत लागले. मुलांना पानं ओळखायला शिकवायचं, एवढंच काम ठरलं होतं. पण मुलांना पानापर्यंत न्यायचं तर वाट लागते, आणि वाटा कुणी आखलेल्याच नव्हत्या. त्या मी आखल्या. नदीकाठची, तलावाला वळसा घालणारी, कुरणातून चढून पठारावर जाणारी. काही लहान मुलांसाठी, काही दिवसभराच्या.

बाहेरच्या माणसाला हे काम कळत नाही, म्हणून सांगते. वाट माहीत असलेल्या माणसाला खूण लागतच नाही. खूण लागते ती पहिल्यांदा येणाऱ्याला, आणि तीही जिथे त्याला शंका येते नेमकी तिथे. ही शंकेची जागा शोधायला एकच वाट सकाळी चालावी लागते, संध्याकाळी चालावी लागते, उलट्या दिशेने चालावी लागते. पावसाळ्यात गवत छातीएवढं होतं तेव्हा चालावी लागते आणि होळीनंतर गवत जळून जातं तेव्हाही. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात सावली नसलेला एक चढ चुकून वाटेत आला तर माणूस तिथेच बसतो. दगडावर बाण काढणं हे या सगळ्याच्या शेवटचं काम.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. जळगावचे एक निवृत्त इंजिनिअर आले होते. "मेहरूणच्या तलावाला रोज फेऱ्या मारतो मी, मला चालणं शिकवू नका," असं म्हणाले आणि बाण डावीकडे असताना उजवीकडे गेले, कारण त्यांच्या मते वाट उजवीकडूनच जवळची पडायला हवी होती. दुपारी एका मेंढपाळाने त्यांना नाल्यातून वर काढून आणलं. आल्याआल्या ते मला म्हणाले, "तुमचा बाण चुकलाय." मी त्यांना पाणी दिलं. त्या काळी मला असल्या गोष्टींचा राग येत नसे.

राग काळखडीपासून सुरू झाला.

काळखडी हे तलावाचं खरं नाव नाही, मी बदलून लिहिते आहे. ज्यांना ओळखायचं आहे ते ओळखतील. धुळ्याहून साक्रीच्या अंगाला जाताना आत वळलं की हा तलाव लागतो. एका बाजूला गाव, एका बाजूला शेतं, आणि तिसऱ्या बाजूला सरळ उभा काळा कडा. कड्याच्या पायाशी तलावाला लागून सपाट मोकळी जागा आहे. तिथे उभं राहिलं की सगळा तलाव समोर पसरलेला दिसतो. सुंदर जागा आहे, नाही कोण म्हणतं?

आणि त्या कड्याच्या पोटाला दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आग्या मोहोळं लागतात. एक-दोन नव्हे, ओळीने. सुपाएवढी, काही तर बैलगाडीच्या चाकाएवढी. ऊन तापलं की माश्या निघून जातात, पुढच्या वर्षी परत त्याच जागी येतात. त्यांना डिवचलं नाही तर त्या काही करत नाहीत. पण धूर गेला, दगड गेला, कधी नुसता अत्तराचा भपका गेला, तरी त्या उठतात. मग समोर माणूस आहे का म्हैस, हे त्या बघत नाहीत.

म्हणून मी काळखडीची वाट कड्याखालून नेलीच नाही. अलीकडेच वळवली, कड्याच्या मागून चढवली, अंजनाच्या बनातून पठारावर नेली आणि पलीकडे उतरवली. वाट लांबली. तलावाचं ते दृश्य हुकलं. लोक कुरकुरायचे. मी ऐकून घ्यायची.

या वाटेवर माझ्याबरोबर नसीमआपा असायची. धुळ्याच्या जुन्या भागातली, पिंजारी घरातली. नवरा इस्माईलभाई गाद्या भरायचा, अजूनही भरतो. नसीमआपा शिबिरात स्वयंपाकाला म्हणून आली आणि मुलं तिच्या मागे मागे फिरतात हे बघून मी तिला चालायला घेतलं. गट घेऊन जाताना एक माणूस पुढे लागतो आणि एक शेपटाला. पुढचं काम सोपं, वाट माहीत असली की झालं. शेपटाचं काम अवघड. कोण थकलं, कोण रडतंय, कोण झाडामागे गेलंय आणि अजून आलेलं नाही, हे सगळं शेपटाच्या माणसाने बघायचं आणि पुढच्याला थांबवायचं. नसीमआपाचा आवाज असा खणखणीत, की मी टेकडीच्या पलीकडे असले तरी तिचं "ताऽऽई, थांबा" मला ऐकू यायचं. खांद्यावर कायम एक सतरंजी असायची. कुणाला चक्कर आली, कुणी पाय मुरगाळून बसलं, की ती सतरंजी अंथरायची. तिच्यासारखं शेपूट मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

मग काळखडीला सुशोभीकरण समिती आली.

समितीचे प्रमुख भाऊसाहेब. माणूस बोलायला गोड, आमच्या संस्थेला दरवर्षी मदत करणारा. कड्याखालच्या सपाट जागेवर फरशी बसली. बाक आले. तलावाकडे तोंड करून फोटो काढायला लोखंडी चौकट आली. एवढ्यावर थांबले असते तरी मी कदाचित गप्प बसले असते. पण भाऊसाहेबांना कल्पना सुचली भरताची.

खानदेशात हिवाळ्यात भरीत पार्टी झाली नाही तर हिवाळा झाला असं कुणी मानत नाही. शेतात नाहीतर नदीकाठी जायचं, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यावर हिरवीपांढरी वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वर कांद्याची पात, दाणे, मिरच्या, सोबत कळण्याची भाकरी. मलाही आवडतं. समितीने कड्याखाली फरशीच्या कडेने सिमेंटच्या चुली बांधल्या. ओळीने. बरोब्बर मोहोळांच्या खाली.

आमच्या सरांनी, म्हणजे संस्थेच्या चालकांनी, मला बोलावून सांगितलं, "मालतीताई, काळखडीचे बाण आता कड्याखालून न्यायचे. समितीची तशी इच्छा आहे."

मी त्यांना घेऊन तिथे गेले. भाऊसाहेबही आले. मी वर बोट दाखवलं. दोघांनी वर पाहिलं.

"दिसतात," सर म्हणाले.

"मग?"

"अहो, इतक्या वर दिसतात. आणि दिवाळीनंतरच असतात ना?"

"भरीत पार्ट्या कधी असतात सर? ज्येष्ठात?"

भाऊसाहेब हसले. "ताई, तुम्ही शास्त्र शिकलात, तसं आम्हीही याच मातीत वाढलोय. आग्या मोहोळ काय असतं ते मला सांगायला नको. लहानपणी माझ्या मामाला चावल्यात. पण लोकांना तलाव बघायचा आहे. मोहोळं आम्ही काढून घेऊ कधीतरी."

हे मी मुद्दाम लिहिते आहे. नंतर सगळीकडे "कल्पना नव्हती", "माहिती नव्हती" असं बोललं गेलं. तिथे अडाणी कुणीच नव्हतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं. भाऊसाहेबांना माहीत होतं, सरांना माहीत होतं, बांधकाम करणाऱ्याला माहीत होतं. त्याचे मजूर तर तोंडाला फडकी बांधून काम करत होते. गावातल्या धोंडूआबालाही माहीत होतं. त्याने फरशीच्या टोकाला चहाची टपरी टाकली होती. मी त्याला म्हटलं, "आबा, तुम्ही तरी सांगा यांना."

आबा म्हणाला, "अक्का, त्या माश्या आमना पहिलेपाईन आठे शेतस. माले काय सांगस तू? पन चहा कोठे ईकू? लोके बठ्ठा तठेच थांबतस." माश्या आमच्याही आधीपासून इथे आहेत, पण लोक सगळे तिथेच थांबतात तर चहा दुसरीकडे विकू कुठे, असं त्याचं म्हणणं. आबावर मला रागावता आलं नाही. बाकीच्यांवर आला, तो अजून उतरलेला नाही.

बाण बदलायला मी नकार दिला. मग ते दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घेतले, माझ्या बाणांपेक्षा मोठे, पिवळेधमक. मी माझे गट मागच्याच वाटेने नेत राहिले. सरांनी एकदा टोकलं. मी म्हटलं, "मला काढून टाका." त्यांनी काढलं नाही, कारण मुलांना रानात न्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

त्या वर्षी मोहोळं नेहमीसारखी लागली. कुणी काही काढून घेतलं नाही.

हिवाळ्यातला रविवार होता. पिंपळनेरच्या शाळेतल्या मुली आणि त्यांच्या दोन बाई यांना घेऊन आम्ही अंजनाच्या बनातून पठारावर आलो होतो. मी पुढे, नसीमआपा शेपटाला. मुली दमल्या होत्या, बडबडत होत्या. इतक्यात मागून आवाज आला, "ताऽऽई, थांबा!"

मी मागे गेले. नसीमआपा कड्याच्या धारेपासून थोडं अलीकडे उभी राहून वास घेत होती. "पऱ्हाट्यांचा धूर आहे," ती म्हणाली.

आम्ही दोघी पालथं पडून धारेवरून खाली पाहिलं. खाली गाड्या लागल्या होत्या. मोठं कुटुंब होतं, तीन पिढ्यांचं. सिमेंटच्या चुलींवर पऱ्हाट्यांचे भारे रचले होते, काही ओल्या असाव्यात, कारण ज्वाळा कमी आणि धूर फार होता. वारं पडलेलं. धूर सरळ वर चढत होता. गाणी लावली होती, त्यावर पोरं नाचत होती. आमच्या पायाखाली, कड्याच्या पोटातून, एक आवाज येत होता. कुणी खूप मोठं लुगडं झटकावं तसा. मोहोळावरच्या माश्या एकदम अंग हलवतात तेव्हा तो आवाज येतो. उठायच्या आधीचा इशारा असतो तो.

नसीमआपाने जिवाच्या आकांताने ओरडून पाहिलं. तो आवाजसुद्धा त्या गाण्यात बुडाला. एका पोराने वर बघितलं आणि आम्हाला हात केला.

"ताई, तुम्ही पोरींना धरा," ती म्हणाली. "मी जाते."

"दोघी जाऊ."

"मग पोरींना कोण धरील? त्यांच्या बाई? त्या तर मगाशी सरड्याला भिऊन किंचाळल्या. तुम्ही पुढच्या आहात, तुम्ही गटाबरोबर राहायचं. तुम्हीच शिकवलंय ना?"

आणि ती कड्याशेजारच्या घळीतून खाली उतरली, सतरंजी खांद्यावर घेऊन. आमचा तो नियमच होता, आणि नियम बरोबर होता. आजही मला विचारलं तर मी मुलींजवळच थांबेन. मी मुलींना धारेपासून लांब नेलं, झुडपांमध्ये पालथं झोपवलं, तोंडावर ओढण्या घ्यायला लावल्या आणि हलू नका, बोलू नका म्हणून सांगितलं. मग कड्याच्या बाजूने घोंगावणं वर आलं आणि आकाशाचा तेवढा तुकडा काळा झाला.

खाली काय झालं ते मी पाहिलं नाही. मला ते वत्सलाबाईंनी सांगितलं. वत्सलाबाई म्हणजे त्या कुटुंबातली आजी, जळगावच्या. गुडघे गेलेले, म्हणून त्यांना बाकावर बसवलं होतं. माश्या उठल्यावर सगळे पळाले. तरुण पोरांनी तलावात उड्या मारल्या, ते चुकीचं असतं, माश्या पाण्यावर थांबून राहतात आणि माणूस श्वासाला डोकं वर काढतो तेव्हा चावतात. काही गाड्यांमध्ये शिरले. सून लहान मुलाला कवटाळून धावली. "तिचं काही चुकलं नाही," वत्सलाबाई म्हणतात, "मीच तिला म्हटलं पळ." त्या एकट्या बाकावर राहिल्या.

नसीमआपा घळीतून खाली पोचली तेव्हा वत्सलाबाई हातांनी माश्या मारत होत्या. तिने आधी त्यांचे हात धरले. मग त्यांना बाकावरून खाली ओढलं, फरशीवर आडवं केलं, वर सतरंजी टाकली आणि स्वतः त्यांच्या अंगावर पडली. सतरंजी एका माणसाची होती. दोघींना पुरली नाही. वत्सलाबाई पूर्ण आत होत्या.

"ती माझ्या कानात बोलत होती," वत्सलाबाईंनी सांगितलं. "म्हणाली, आजी, हलायचं नाही. तुम्ही राम म्हणा, मी कलमा म्हणते, पण दोघी हळू म्हणू."

घोंगावणं उतरल्यावर मुलींना दोन्ही बाईंच्या हवाली करून मी मागच्या वाटेने खाली पळाले. ती सतरंजीवर पडलेली होती, तशीच, हात आजीच्या डोक्याभोवती. पाठ, मान, हात. जास्त लिहीत नाही. तिच्या मुलांनी हा अंक वाचला तर त्यांना ते वाचायला लागू नये. तिने डोळे उघडायचा प्रयत्न केला, उघडेनात. म्हणाली, "पोरी?"

"सगळ्या ठीक आहेत."

"मग तुम्ही कशाला आलात? जा ना वर."

धोंडूआबाने टपरीतलं कांबळं आणलं, एका गाडीत तिला घातलं आणि धुळ्याला नेलं. तळ्यात उड्या मारलेली पोरं सुजली होती, पण वाचली. बाकीचे वाचले. वत्सलाबाईंना हातांवर तेवढे डंख होते. नसीमआपाला इतके डंख होते की विषाने तिची मूत्रपिंडं बंद पडली. रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर ठेवलं. इस्माईलभाई दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून असायचा, कपड्यांना कापूस चिकटलेला, कारण काम टाकून तसाच उठून आला होता. मला बघितलं की उठून उभा राहायचा. ते मला सहन व्हायचं नाही. मी म्हणायची, "भाई, बसा." तो म्हणायचा, "तुम्ही आलात तर ती बोलते."

एकदा ती बोलली. "ताई, ते पिवळे बाण पुसून टाका ना कुणीतरी." मी हो म्हटलं. नंतर ती बोलली नाही. आठवड्याभरात गेली.

माश्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा मथळा होता, मधमाश्यांचा पर्यटकांवर हल्ला. म्हणजे गुन्हेगार माश्या. समितीने लोक पाठवले. त्यांनी लांब बांबूंना टेंभे बांधून भर दिवसा मोहोळं जाळली. मेण वितळून बाकांवर पडलं, पोळ्यातल्या अळ्या फरशीवर पडल्या, आणि कावळे ते उचलायला आले. मी तिथे होते. "हे कशासाठी?" असं मी त्या माणसांना विचारलं. ते बिचारे म्हणाले, "सांगितलं तेवढं करतोय." चुली तशाच होत्या. एक वीटसुद्धा कुणी हलवली नव्हती.

पिवळे बाण मी पुसले. दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत, एकटीने. कुणी अडवलं नाही. नंतर ते परत काढले गेले.

संस्थेत शोकसभा झाली. सर बोलले, "हा एक दुर्दैवी योगायोग." मी उभी राहिले. मला बोलायचं नव्हतं, पाय आपोआप उभे राहिले.

"योगायोग कशाला म्हणता सर? चुली तुम्ही बांधू दिल्यात, बाण तुम्ही फिरवलेत. मोहोळं तुम्ही माझ्याशेजारी उभं राहून बघितलीत. 'दिसतात' असं म्हणालात तुम्ही. तुमचा शब्द आहे तो."

भाऊसाहेब पुढच्या रांगेत होते. ते शांतपणे म्हणाले, "ताई दुःखात आहेत, बसवा त्यांना." कुणीतरी माझा दंड धरला. मी तो झटकला आणि स्वतः बसले नाही, बाहेर गेले. तेव्हापासून त्या संस्थेच्या दारात पाय ठेवलेला नाही. एवढ्या वर्षांच्या कामाचा शेवट निरोप समारंभाशिवाय झाला याचं वाईट वाटतं का, असं लोक विचारतात. वाटतं. मला हार घालून घ्यायचा होता, आणि तो नसीमआपाच्या शेजारी उभं राहून.

पुढचा हिवाळा आला. माश्या परत आल्या, थोड्या कमी. त्याच सुमारास मला आमंत्रण आलं. कड्याखालच्या जागेला नसीमआपाचं नाव देणार होते. 'नसीम पॉइंट'. मला आधी वाटलं कुणीतरी क्रूर थट्टा करतंय. इस्माईलभाईला फोन केला. तो म्हणाला, "मी त्यांना नको म्हटलं, ताई. ते म्हणाले, सन्मान आहे. मी म्हटलं, नको. ते म्हणाले, पाटी झालीय तयार."

आम्ही दोघं गेलो. मंडप घातला होता. बाक नव्याने रंगवले होते. फोटोच्या चौकटीच्या वर स्टीलची पाटी, त्यावर चिकटवलेली जाड लाल अक्षरं. पाटीवरचा पडदा ओढायला कुणाला बोलवावं? वत्सलाबाईंना. जळगावहून गाडी पाठवून आणलं होतं. मुलाच्या आधाराने त्या पाटीपर्यंत गेल्या, पडदा ओढला, टाळ्या झाल्या. मग भाऊसाहेबांनी त्यांच्या हातात माईक दिला. दोन शब्द बोला म्हणाले.

वत्सलाबाईंनी माईक दोन्ही हातांनी धरला. आधी चुलींकडे पाहिलं, मग वर कड्याकडे पाहिलं.

"त्या बाईचं नाव मला दवाखान्यात कळलं," त्या म्हणाल्या. "ती माझ्यावर पडली तेव्हा मला तिचं तोंडसुद्धा दिसलं नव्हतं. मी इथे आले ती एकच गोष्ट बघायला. ह्या चुली काढल्या का ते बघायला. चुली आहेत. बाक आहेत. वर माश्या आहेत. म्हणजे उद्या माझ्यासारखी दुसरी म्हातारी इथे बसणार. तिच्यावर पडायला तुम्ही कुणाला पाठवणार, भाऊसाहेब? तुम्ही येणार का?"

माईक काढून घ्यायला कुणीतरी पुढे आलं. त्यांनी दिला नाही.

"मी फसले," त्या म्हणाल्या. "पडदा ओढायला यायला नको होतं मी." मग माईक बाकावर ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, "चल, मला इथे बसायचं नाही."

मंडपात कुजबुज झाली. भाऊसाहेबांनी आभार मानून कार्यक्रम आटोपता घेतला आणि सगळे गावातल्या जेवणाकडे निघाले. मी वत्सलाबाईंना गाडीत बसवलं. वळून बघते तर इस्माईलभाई बाकावर चढला होता. हातात त्याचं गाद्या शिवायचं दाभण. ते अक्षरांच्या मागे घालून तो एकेक अक्षर पाटीवरून सोडवत होता, सावकाश, टाका उसवावा तसं. न निघालं. सी निघाली. म निघायला वेळ लागला.

समितीचा एक माणूस धावत आला. "अहो, काय करताय? ही समितीची मालमत्ता आहे. गुन्हा दाखल होईल."

इस्माईलभाई खाली उतरला. तिन्ही अक्षरं त्याने खिशातल्या रुमालात बांधली. आवाज अजिबात चढवला नाही.

"पॉइंट तुमचा आहे, तो ठेवलाय तिथेच," तो म्हणाला. "नाव आमच्या घरचं आहे. ते मी घेऊन चाललो."